जोडणी कुठे तुटते?

“सर, डेटाबेस कनेक्टच होईना गेलाय बघा.” मुदखेड असो, भोकर असो की नांदेड, प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. “म्हणजे नेमकं काय होतंय?” असं विचारलं तर उत्तर मिळतं, “एरर यायलाय.” कोणता, ते सांगता येत नाही, कारण तोवर खिडकी बंद करून टाकलेली असते.

या एका तक्रारीत किती वेगवेगळे बिघाड मावतात पाहा. सर्व्हर सुरूच नसेल. सुरू असेल, पण आपण ज्या पोर्टवर शोधतोय तिथे नसेल. तिथे असेल, पण पासवर्ड चुकला असेल. पासवर्ड बरोबर, पण त्या युजरला त्या डेटाबेसचा अधिकार नसेल. अधिकार आहे, पण तक्त्याच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल. तेही ठीक, पण परत आलेलं मराठी वाचता येत नसेल. आणि सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे काहीच चुकल्याचं दिसत नाही, फक्त काल घातलेली नोंद आज सापडत नाही. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. आपल्याकडे मात्र सगळ्यांवर एकच इलाज चालतो: कुणाच्या तरी चालणाऱ्या प्रोग्राममधल्या वरच्या दहा ओळी उचलून आपल्यात चिकटवायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं.

पीएचपी, पायथॉन, पर्ल या भाषा शिकवणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. एसक्यूएल शिकवणारीही आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पीएचपी आणि मायएसक्यूएलचे पाठ मराठी आवाजातही ऐकायला मिळतात, आणि नव्याने शिकणाऱ्याने ते जरूर ऐकावेत. हे पुस्तक त्याच्या पुढच्या वाटेवरचं आहे. प्रोग्राम लिहून झालाय, काल चालत होता, आज चालत नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे, अशा माणसासाठी ते लिहिलंय.

प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मधल्या जागेचा इतिहास फार जुना नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्लमधून ओरॅकलशी बोलायचं तर ‘ओरापर्ल’ नावाचं वेगळं पर्ल लागायचं, सायबेसशी बोलायचं तर ‘सायबपर्ल’. डेटाबेस बदलला की प्रोग्राम पुन्हा लिहा. १९९४ च्या सुमारास टिम बन्स यांनी डीबीआय उभं केलं आणि कामाची वाटणी केली. वरचा भाग सगळ्यांसाठी सारखा, खाली प्रत्येक डेटाबेससाठी एक वेगळा ड्रायव्हर. पायथॉनवाल्यांनी हाच विचार डीबी-एपीआय या कराराच्या रूपात आणला, त्याची दुसरी आवृत्ती ‘पेप २४९’ या नावाने ओळखली जाते. पीएचपीत २००५ साली ५.१ या आवृत्तीबरोबर पीडीओ आलं. तिन्हीकडे मांडणी तीच: आपला प्रोग्राम, त्याखाली समान थर, त्याखाली ड्रायव्हर, मग नेटवर्क किंवा सॉकेट, आणि पलीकडे सर्व्हर. बिघाड यांपैकी कुठल्याही थरात होतो आणि आपल्यापर्यंत सगळेच संदेश एकाच पडद्यावर, एकाच लाल अक्षरात येतात. म्हणून या संदेशातून बोलतंय कोण, हे आधी ओळखायचं.

मायएसक्यूएलमध्ये ते ओळखणं सोपं आहे, पण सहसा कुणी सांगत नाही. संदेशातला आकडा एक हजाराच्या घरातला असेल तर तो सर्व्हरकडून आलाय. नव्या आवृत्त्यांत तीन हजाराच्या पुढचे आकडेही सर्व्हरचेच. दोन हजाराच्या घरातला असेल तर तो आपल्याच बाजूच्या लायब्ररीने काढलाय. १०४५, म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’, हा त्या अर्थाने चांगला निरोप आहे. सर्व्हर जागा आहे, पत्ता बरोबर आहे, पोर्ट बरोबर आहे, त्याने आपलं नाव ऐकलं आणि नाही म्हटलं, एवढं सगळं त्यातून कळतं. हा संदेश आल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणारे लोक मी पाहतो, त्याचा काही उपयोग नसतो. १०४४ हा दिसायला तसाच, पण गोष्ट निराळी: नाव आणि पासवर्ड मान्य झाले, मात्र या डेटाबेसला हात लावायचा हुकूम नाही. तहसीलच्या आवारात शिरता येतं, पण रेकॉर्ड रूमची किल्ली मिळत नाही, तसं. इथे पासवर्ड बदलत बसायचं नसतं, ग्रँट द्यायचं असतं.

२००३ आला तर आपण पोचलोच नाही. त्याच्या शेवटी कंसात आणखी एक छोटा आकडा असतो, तो बहुतेक जण वाचत नाहीत. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा असतो. लिनक्सवर १११ किंवा विंडोजवर १००६१ असेल तर समोरचं यंत्र सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. म्हणजे सर्व्हर बंद आहे किंवा ३३०६ सोडून दुसऱ्याच पोर्टवर बसलाय. ११० किंवा १००६० असेल तर वाट पाहून वेळ संपली. म्हणजे पत्ता चुकीचा, नाहीतर मध्ये फायरवॉल. पहिल्यासाठी सर्व्हरकडे जायचं, दुसऱ्यासाठी नेटवर्क बघणाऱ्याकडे. एका छोट्या आकड्याने अर्धा दिवस वाचतो.

इथेच ‘लोकलहोस्ट’ची एक खोच आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या लायब्ररीला ‘लोकलहोस्ट’ सांगितलं की ती नेटवर्कने जातच नाही, सॉकेट नावाच्या फाइलमधून जाते. १२७.०.०.१ सांगितलं की टीसीपीने जाते. दोन्हींचा अर्थ ‘हेच यंत्र’ असला तरी वाटा दोन आहेत, आणि एक बंद असून दुसरी चालू असू शकते. २००२ हा आकडा आणि संदेशात सॉकेटच्या फाइलचं नाव दिसलं, तर एकदा १२७.०.०.१ घालून पाहायचं. चाललं, तर सर्व्हर ठीक आहे, सॉकेटचा रस्ता तेवढा चुकलाय.

आता गप्प बसणाऱ्या प्रोग्रामांविषयी, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर आहे. पीएचपीत ओळीच्या आधी ‘@’ लावला की इशारे दिसत नाहीत. पायथॉनमध्ये ‘एक्सेप्ट’ लिहून खाली ‘पास’ लिहिलं की कुठलीही चूक गिळली जाते. प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या रात्री पडदा स्वच्छ दिसावा म्हणून पोरं हे करतात आणि मग तोच प्रोग्राम एखाद्या पतसंस्थेत जाऊन बसतो. मायएसक्यूएलआयची जुनी सवयही अशीच होती. क्वेरी फसली की तो ‘फॉल्स’ परत द्यायचा आणि पुढे जायचा. पुढच्या ओळीत आपण त्या ‘फॉल्स’कडूनच ओळी मागायचो, आणि तेव्हा संदेश यायचा: ‘कॉल टू अ मेंबर फंक्शन फेच असॉक ऑन बूल’. ओळीचा नंबर फेचचा, संदेशातलं नावही फेचचं. म्हणून पोरगा तासभर फेचशी झगडतो. खरी चूक दोन ओळी वर, क्वेरीत असते आणि ती कुणी सांगितलेलीच नसते. २०२० साली आलेल्या पीएचपी ८.० मध्ये पीडीओने आणि २०२१ च्या ८.१ मध्ये मायएसक्यूएलआयने ही सवय सोडली. आता चूक झाली की ते अपवाद फेकतात आणि तिथेच थांबतात. नवी पीएचपी टाकल्यावर “जुना प्रोग्राम एकदम मोडला” अशी ओरड होते, ती बऱ्याचदा याचीच. मोडलेला तो आधीपासून होता. आता तो बोलायला लागलाय, एवढंच. जुन्या पीएचपीवर काम असेल तर मायएसक्यूएलआयला रिपोर्ट मोड स्वतः सांगावा लागतो आणि पर्लच्या डीबीआयला ‘रेझ एरर’. पुस्तकातल्या प्रत्येक प्रोग्रामची पहिली ओळ हीच आहे, आणि ती वगळून पुढचं वाचू नये.

‘मायएसक्यूएल कनेक्ट’ हे फंक्शन अजून जर्नलमध्ये लिहायला लावतात, असं पोरं सांगतात. ते पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ साली, नको म्हणून जाहीर झालं आणि २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ७.० मधून काढूनच टाकलं. ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ दिसलं की वही मिटवायची.

आपल्या भागात बहुतेकांची सुरुवात झॅम्पवर होते, म्हणून एक प्रकरण त्याला दिलंय. झॅम्पच्या खिडकीत बटणावर ‘मायएसक्यूएल’ लिहिलेलं असतं, पण २०१५ पासून त्यामागे धावतो तो मारियाडीबी. मायएसक्यूएल ओरॅकलच्या हाती जाणार हे दिसल्यावर तिचे मूळ कर्ते माँटी विडेनियस यांनी २००९ साली फोडलेली ही फांदी. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. पण घरच्या झॅम्पवर चालणारा जुना प्रोग्राम होस्टिंगवरच्या खऱ्या मायएसक्यूएल ८ ला जोडायला गेला की ‘ऑथेंटिकेशन मेथड अननोन टू द क्लायंट’ असा संदेश येऊ शकतो, कारण २०१८ च्या त्या आवृत्तीने पासवर्ड पडताळण्याची मूळ पद्धतच बदलली. पासवर्ड शंभर वेळा टाइप केला तरी हा जात नाही. पीएचपीचा ड्रायव्हर नवा करावा लागतो.

होस्टिंगवर गेल्यावरचे बाकीचे धक्के ठरलेले आहेत. घरी युजर ‘रूट’ आणि पासवर्ड रिकामा, तिकडे दोन्ही वेगळे, शिवाय डेटाबेसच्या नावाआधी खात्याचं नाव चिकटलेलं. घरी विंडोज, तिकडे लिनक्स. विंडोजवर तक्त्याचं नाव मोठ्या लिपीत लिहा की छोट्या, सापडतं. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं होतात आणि ११४६ येतो: तक्ता नाही. डोळ्यांसमोर तक्ता दिसत असतो आणि सर्व्हर नाही म्हणतो. नावं पहिल्या दिवसापासून छोट्या लिपीत ठेवली की हा प्रश्न येत नाही.

झॅम्पचा सगळ्यात मोठा घात मात्र लाइट गेल्यावर होतो. इन्व्हर्टर दमलेला, संगणक एकदम बंद, आणि पुन्हा चालू केल्यावर खिडकीत लाल ओळ: ‘मायएसक्यूएल शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली’. मग कुणीतरी मित्र सांगतो, ‘डेटा’ फोल्डर उडव आणि ‘बॅकअप’ फोल्डरची नक्कल त्या जागी टाक. बटण हिरवं होतं, सगळे खूश. पण तो ‘बॅकअप’ झॅम्प बसवला त्या दिवसाचा असतो, आपल्या हिशोबाचा नसतो. इनोडीबीच्या तक्त्यांची खूणगाठ ‘आयबीडेटा१’ नावाच्या फाइलमध्ये असते. ती गेली की तक्त्यांची नावं दिसतात आणि उघडल्यावर आत काही नसतं. घाईत हात चुकणं मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीतल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचं समजून मुख्य सर्व्हरवरचंच डेटाचं फोल्डर उडवलं. जवळजवळ तीनशे जीबीतलं साडेचार जीबी उरलं, तेव्हा हात थांबला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, वेळेला एकही धड उभी राहिली नाही. सहा तास आधी योगायोगाने काढलेली एक प्रत कामी आली. कंपनीने ही सगळी हकिगत स्वतः जाहीर केली, म्हणून आपल्याला ती माहीत आहे. सर्व्हर उठत नसेल तेव्हा काहीही करण्याआधी अख्खं ‘डेटा’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उचलून ठेवायचं आणि मग एरर लॉग उघडायचा. कोणत्या फाइलला काय झालं, ते तिथे लिहिलेलं असतं.

हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं खरं कारण पाचव्या प्रकरणात आहे. देवनागरी डेटाचे बिघाड इंग्रजी पुस्तकांत एखाद्या पानात आटोपतात. आपलं अर्धं आयुष्य त्यात जातं.

‘मुदखेड’ हा शब्द घ्या. आपण चार अक्षरं मोजतो. युनिकोड सहा मोजतं, कारण उकार आणि मात्रा वेगळे धरतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून डिस्कवर अठरा. पीएचपीचं ‘स्ट्रलेन’ अठरा सांगतं, ‘एमबी स्ट्रलेन’ सहा. आता पावतीवर जागा कमी म्हणून कुणी ‘सबस्ट्र’ने नाव दहा बाइटवर कापलं, तर चौथं चिन्ह मधोमध तुटतं. तो तुकडा मायएसक्यूएलला दिला की १३६६: ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’. संदेश स्तंभाबद्दल तक्रार करतो, दोष कापणाऱ्या ओळीचा असतो.

पडद्यावर मराठी बिघडलेलं दिसतं ते तीन तऱ्हांचं. रिकामे चौकोन दिसत असतील तर फक्त फॉन्ट नाही, डेटाबेसला हात लावू नका. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, चलनाचं विचित्र चिन्ह, मध्येच नोंदणीचं चिन्ह, अशी युरोपी जत्रा दिसत असेल तर बाइट बहुधा शाबूत आहेत, कुणीतरी ते लॅटिन समजून वाचलेत. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर काळजी करायची, कारण देवनागरी न मावणाऱ्या तक्त्यात ती कोंबली गेली असेल आणि सर्व्हरने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं असेल. असेल म्हणतो, कारण कधी डेटा नीट असतो आणि परत येताना जोडणी लॅटिन असल्याने प्रश्नचिन्हं होतात. डोळ्यांवर विसंबू नये. त्या स्तंभावर ‘हेक्स’ फंक्शन लावावं. ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ने सुरू होणारे गट दिसले तर डेटा ठणठणीत आहे. ‘सी३ए०’ दिसलं तर तो दोनदा गुंडाळला गेलाय, सोडवता येतो. ‘३एफ ३एफ ३एफ’ दिसलं तर ती अक्षरं गेली, मूळ कागद शोधा.

दोनदा गुंडाळणं कसं होतं ते सांगतो, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच प्रोग्रामांत हे बसलेलं आहे. वेबपान यूटीएफ-८, तक्ता यूटीएफ-८, पण जोडणीला कुणी काही सांगितलं नाही म्हणून ती लॅटिन. लिहिताना सर्व्हर प्रत्येक बाइटला एक लॅटिन अक्षर समजतो आणि त्याचं पुन्हा यूटीएफ-८ करतो. वाचताना त्याच लॅटिन जोडणीने उलटं होतं. वेबपानावर मराठी अगदी सुरेख दिसतं. वर्षानुवर्षं चालतं. मग एक दिवस कुणीतरी शहाणा नव्या पायथॉन प्रोग्रामात योग्य तो ‘यूटीएफ८एमबी४’ लिहितो आणि सगळी नावं युरोपी होतात. खापर त्याच्यावर फुटतं, जरी त्या साखळीत बरोबर वागलेला तो एकटाच असतो. इलाज प्रकरणात पायरीपायरीने दिलाय. करायचा तो प्रतीवर, मूळ तक्त्यावर कधीच नाही.

‘यूटीएफ८’ की ‘यूटीएफ८एमबी४’ हा वाद मराठीपुरता तसा फुसका आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये तीन बाइटपर्यंतचं मावतं आणि देवनागरी तीन बाइटचीच आहे. पण आता शेऱ्याच्या रकान्यात लोक इमोजी टाकतात, त्याला चार बाइट लागतात. एमबी४ घ्या आणि मोकळे व्हा. जुन्या सर्व्हरवर मग ‘की टू लाँग, ७६७ बाइट’ असा एक संदेश येतो. २५५ चिन्हांचा स्तंभ चारने गुणला की १०२० बाइट होतात, म्हणून. १९१ केला की मावतो.

यापुढची अडचण मात्र शुद्ध मराठी आहे. ‘शेतकऱ्याचे नाव’ यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि न दिसणारं ‘जॉइनर’ चिन्ह. पडद्यावर केसाचाही फरक नाही. एका कारकुनाच्या कीबोर्डने ‘गोऱ्हे’ एका तऱ्हेने लिहिलं, दुसऱ्याच्या मोबाइलने दुसऱ्या. पायथॉनला विचारलं तर दोन्ही नावं वेगळी. मग एकाच माणसाची दोन खाती तयार होतात, उचल एकीकडे आणि जमा दुसरीकडे. युनिकोडची नॉर्मलायझेशनची ठरलेली पद्धत लावली तरी हे दोन एक होत नाहीत, आपल्यालाच नोंद घालण्याआधी एक रूप ठरवून बदलावं लागतं. ‘ॲ’चंही तसंच. तो एक स्वतंत्र चिन्ह म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. क्रमवारीत ळ हा ल च्या लगेच मागे येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे बसलाय. वर्णमालेत तो ह नंतर येतो, हे सर्व्हरला कुणी सांगितलेलं नाही. आणि देवनागरी आकडे! गट नंबर आकड्यांच्या स्तंभात देवनागरीत घातला तर कडक नियमांचा सर्व्हर नाकारतो, ढिला सर्व्हर निमूटपणे शून्य लिहितो. ढिला जास्त घातक.

जुन्या फॉन्टचा डेटा, म्हणजे सी-डॅकच्या जिस्टचा सुरेख किंवा श्रीलिपी वगैरेंतला, डेटाबेसमध्ये रोमन अक्षरांची खिचडी म्हणून पडलेला असतो. तो एन्कोडिंगचा बिघाड नाही. त्याला फॉन्टनुसार रूपांतर करणारा वेगळा प्रोग्राम लागतो. एका परिशिष्टात दिशा दाखवली आहे.

मुदखेड म्हटलं की बाहेरच्यांना जंक्शन आठवतं, मनमाड–सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादची लाइन इथे फुटते म्हणून. तालुक्यातल्यांना फुलं आठवतात. पुस्तकभर वापरलेला नमुना डेटाबेस म्हणून मी फुलांची आडत घेतली: शेतकरी, आवक, व्यापारी आणि पट्टी असे चार तक्ते. आणि काळाचे बिघाड समजवायला याच्याइतका चांगला धंदा नाही, कारण तो उजाडायच्या आत होतो. मोगरा आणि काकडा पहाटेच तोडतात, उन्हं वर आली की भाव पडतो. समजा आडत्याच्या टेबलावर पावणेपाचला नोंद झाली. प्रोग्राम होस्टिंगवर, तिथला सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या घड्याळात तेव्हा आदल्या रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतात. डेटाबेसने स्वतः टाकलेली तारीख कालची. पावती मात्र पीएचपीने छापली, तिला भारतीय वेळ सांगितलेली, म्हणून तिच्यावर तारीख आजची. साडेपाचच्या आधीचा सगळा माल रजिस्टरात एक दिवस मागे, साडेपाचनंतरचा बरोबर. आडत्या म्हणतो, “अर्धा हिशोब जुळतो, अर्धा जुळत नाही, तुमचं मशीन येडं झालंय.” किराणा दुकानाच्या प्रोग्रामात हाच दोष वर्षभर लपून राहिला असता, कारण साडेपाचच्या आधी तिथे कुणी साखर घेत नाही. जोडणी उघडल्याबरोबर त्या सत्राची वेळ ‘+०५:३०’ सांगून टाकली की हे मिटतं. मागच्या नोंदी दुरुस्त करणं वेगळं काम आहे आणि ते किचकट आहे.

याच आडतीत दुसरा एक बिघाड रोज पहाटे भेटतो. संध्याकाळी आठला शेवटची नोंद, प्रोग्राम तसाच उघडा ठेवून सगळे घरी. पहाटे साडेचारला पहिली नोंद घालताना २००६: ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’. पुन्हा चालू केलं की दिवसभर ठीक. मायएसक्यूएलमध्ये गप्प बसलेली जोडणी मुळात २८,८०० सेकंदांनी तोडली जाते, म्हणजे आठ तासांनी. रात्र साडेआठ तासांची. मुदत वाढवत बसण्यापेक्षा कामापुरती जोडणी उघडून बंद करणं बरं.

पायथॉनवाल्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, बाकी प्रकरणात आहेच. डीबी-एपीआयच्या कराराप्रमाणे ‘कमिट’ म्हटल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. प्रोग्रामला ती नोंद दिसते, मोजली तर मोजली जाते, आणि प्रोग्राम संपला की नाहीशी होते. पीएचपीतून आलेल्या माणसाला हे भूत वाटतं, कारण तिकडे प्रत्येक नोंद आपोआप पक्की होते. दुसरी गोष्ट एसक्यूलाइटची. २००६ पासून ते पायथॉनबरोबरच येतं, सर्व्हर लागत नाही, एका फाइलमध्ये सगळं. पण फाइल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, त्या नावाची रिकामी फाइल तयार करतं. हाताने चालवलेला प्रोग्राम नीट चालतो. तोच विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रात्री अकराला लावला की ‘नो सच टेबल’. शेड्युलर दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभा असतो, तिथे नवी रिकामी फाइल जन्मते आणि अर्थातच तिच्यात तक्ता नसतो. संगणकावर त्या नावाच्या फाइली शोधल्या की शून्य बाइटची एक सापडते. पूर्ण पत्ता लिहावा.

क्वेरीत मूल्यं थेट जोडू नयेत, हे सगळीकडे सुरक्षेच्या नावाने सांगितलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण चोर यायच्या आधी ते साध्या कामातही नडतं. गोव्यात आणि वसईत डिसोझा, डिमेलो ही आडनावं रोमनमध्ये लिहिताना मध्ये एक अवतरण येतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचं माप वीस फूट बाय तीस फूट लिहिताना फुटाची खूण म्हणून तेच चिन्ह टाकतात. क्वेरी तिथेच संपते आणि १०६४ येतो. हा संदेश ‘नियर’ म्हणून पुढचा मजकूर दाखवतो. चूक त्या मजकुराच्या किंचित आधी असते, हे ध्यानात ठेवलं की शोध लवकर संपतो. मूल्यं वेगळी पाठवली की मापही जातं आणि डिसोझाही.

मोठ्या सर्व्हरांचं ट्यूनिंग, रेप्लिकेशन, क्लाउडवरचे डेटाबेस यांत मी शिरलो नाही. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरवर एकेक छोटं प्रकरण आहे, पोस्टग्रेसवर थोडं मोठं. सगळ्यांचे आकडे वेगळे आणि पोर्ट वेगळे, पोस्टग्रेसचं ५४३२, पण विचारायचे प्रश्न तेच. प्रकरणं ओळीने वाचायची गरज नाही. मागे संदेशांची सूची आहे, तिथून आत शिरा.

वाचायला बसण्याआधी एक काम करा. नमुना डेटाबेस चालू करा, तो नीट चालतोय याची खात्री करा आणि मग मुद्दाम बिघडवा. आधी पासवर्डात एक अक्षर जास्त घाला. ते पूर्ववत करून सर्व्हर बंद करा. तो चालू करून पोर्ट ३३०७ लिहा. मग डेटाबेसचं नाव चुकवा, मग तक्त्याचं, मग स्तंभाचं. शेवटी जोडणीला लॅटिन सांगून ‘मुदखेड’ मागवा. एका वेळी एकच बिघाड. प्रत्येक वेळी आलेला संदेश आकड्यासकट, कंसातल्या छोट्या आकड्यासकट, जसाच्या तसा वहीत उतरवा आणि समोर लिहा की आपण काय केलं होतं. पहिल्या प्रकरणाच्या डाव्या पानांवर त्यासाठी कोरी जागा सोडली आहे.